नोकरी सांभाळून नाटक

नाटकाचे वेड लागलेल्या तरुणाला आपल्याकडे दोनच प्रकारचा उपदेश मिळतो. घरची माणसे म्हणतात, आधी नोकरी पक्की कर, मग काय ते नाटक कर. नाटकवाले म्हणतात, नोकरीच्या खुंटीला बांधलेला माणूस कधी नट होत नसतो. उडी मारायची तर दोर कापून मार. दोन्ही उपदेश देणारे लोक प्रामाणिक असतात. दोघेही हा प्रश्न त्या मुलाच्या हिमतीचा किंवा शहाणपणाचा समजतात, आणि नेमकी तीच गोष्ट आम्हांला मान्य नाही. नोकरी सांभाळून अभिनय करता येतो की नाही, हे त्या माणसाच्या छातीवर जितके अवलंबून असते त्याहून अधिक त्याच्या नोकरीवर, तिच्या तासांवर, तिच्या रजेच्या नियमांवर आणि ती उद्या टिकेल की नाही यावर अवलंबून असते. म्हणजे मुळात हा कामगारांचा प्रश्न आहे. तो वर्षानुवर्षे चरित्रग्रंथांच्या आणि मुलाखतींच्या हवाली करून आपण मोकळे झालो आहोत.

उडी मारण्याचा उपदेश करणारे हटकून डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण देतात. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेले, पुण्यात आणि टांझानियातील टबोरा येथे व्यवसाय केलेले लागू १९६९ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, सर्व सोडून 'इथे ओशाळला मृत्यू'द्वारे व्यावसायिक रंगभूमीवर पूर्ण वेळ उतरले, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आले. हे धाडस होतेच. त्याचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. परंतु गोष्ट सांगताना तिचा अर्धा भाग गाळला जातो. त्यापूर्वी दीड-दोन दशके ते व्यवसाय करीत करीतच हौशी रंगभूमीवर काम करीत होते आणि नट म्हणून ते त्याच काळात घडले. शिवाय नाटक फसले असते तरी शल्यचिकित्सकाची पदवी कोणी काढून घेणार नव्हते. ज्याच्या पायाखाली जाळे आहे त्याची उडी आणि ज्याच्या खाली फरशी आहे त्याची उडी, या दोन उड्या सारख्या नव्हेत. डॉ. मोहन आगाशे यांनी तर मनोविकारतज्ज्ञाची नोकरी आणि 'घाशीराम कोतवाल'मधला नाना फडणवीस ही दोन्ही कामे कित्येक वर्षे बरोबरीने केली. त्यामुळे त्यांचा नाना कुठे उणा पडला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या मंडळींना अधिक जवळचे उदाहरण निळू फुले यांचे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभा राहिला, 'कथा अकलेच्या कांद्याची'मधून गाजला, आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून चित्रपटात गेला. माळ्याची नोकरी म्हणजे काही वैभव नव्हे. पण तिला तास होते. सूर्य मावळला की खुरपे ठेवून तालमीला जाता येत होते, आणि महिनाअखेर काहीएक रक्कम हाती पडत होती.

हे तास आले कोठून, हे जरा मागे जाऊन पाहिले पाहिजे. जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला दुसरी नोकरी करण्याचा प्रश्नच नव्हता. मंडळी हेच त्याचे बिऱ्हाड, तेथेच जेवण, तेथेच पगार, आणि मंडळी कर्जात बुडाली की सर्वांचाच उपास. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि ही व्यवस्था पाहता पाहता मोडली. त्यानंतर मराठी रंगभूमी जी सावरली ती दिवसा इतरत्र राबणाऱ्या माणसांच्या बळावर. स्वातंत्र्यानंतर तर या राबण्यालाच एक नवे स्वरूप आले. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. रेल्वे, टपाल, महापालिका, बेस्ट, सरकारी खाती यांतून हजारो मध्यमवर्गीय व कनिष्ठ मध्यमवर्गीय तरुणांना कायम नोकरी मिळाली. संघटनांनी लढून तिला ठरावीक वेळ, हक्काची रजा, भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांची जोड दिली. साठ-सत्तरच्या दशकांतील मराठी प्रायोगिक रंगभूमीचा खरा आश्रयदाता कोण, असे विचारले तर सरकारी अनुदान आणि रसिक धनिक यांची नावे घेतली जातात. आमच्या मते तो मान या कायम नोकरीचा आहे. हिच्यावर कोणी गौरवग्रंथ काढलेला नाही.

नावे घ्यायची तर पुष्कळ आहेत. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँकेत होते. प्रशांत दामले बेस्टच्या नोकरीत होते. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि त्याच शाळेचे सभागृह पुढे १९७४ पासून 'आविष्कार'च्या चळवळीचे घर झाले. अमरीश पुरी तर सुमारे दोन दशके कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरीला होते आणि संध्याकाळी सत्यदेव दुबे यांच्या नाटकांतून उभे राहत होते. यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. १९४८ च्या कायद्याने कामगाराला आजारपणात, अपघातात आधार देण्यासाठी जी व्यवस्था निर्माण झाली तिच्या कचेरीत बसून एक नट घडला. पण नट म्हणून त्याला स्वतःला अशा कोणत्याही विम्याचे छत्र नव्हते. कारकून म्हणून होते.

या नोकरीने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट पगार नव्हे. साडेपाच-सहाला सुटलेला कारकून सात वाजता एखाद्या शाळेच्या वर्गात पोहोचतो. लहान मुलांची बाके भिंतीला सारली जातात. कोणी वाटेत वडापाव खाल्लेला, कोणी न खाल्लेला. दहा-साडेदहापर्यंत तालीम आणि मग शेवटच्या गाडीची धावपळ. अशी तालीम दोन-दोन महिने चालते. त्यासाठी लागते ती उद्याची संध्याकाळही आजच्यासारखीच आपली असेल, ही खात्री. एकाची पाळी बदलली तर प्रवेश अडतो. दोघांची बदलली तर नाटक बसते – म्हणजे कायमचेच. रंगभूमी ही समूहाची कला असल्यामुळे तिला एकेकट्याची फुरसत पुरत नाही, सर्वांची फुरसत एकाच वेळी लागते. कविता रात्रपाळीत सुचू शकते. नाटकाची तालीम आठ जणांच्या आठ वेगवेगळ्या पाळ्यांत होत नाही. रविवारच्या प्रयोगांवर आपले व्यावसायिक नाटक जगते. तो रविवारही आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगार सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज रविवारी दुपारी हाऊसफुल्लचा फलक लावणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने लोखंड्यांचे थोडे देणे लागते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी बँकवाल्यांची, पांढरपेशांची कथा झाली. तसे नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसांनी नमन, दशावतार, भारूड, लोकनाट्य आणि सरळ सामाजिक नाटके असा सगळा पसारा उभा केला होता. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह हे या माणसांचे हक्काचे रंगमंदिर. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे गिरणीच्या, मजुरीच्या जगातूनच आले. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून यंत्रावर उभे राहणारे हात रंगमंचावर आले. आणि मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. संपाच्या राजकारणात येथे शिरण्याचे कारण नाही. पण नट व्हायचे तर नोकरी सोडली पाहिजे, असे मानणाऱ्यांनी गिरणगावाकडे एकदा अवश्य पाहावे. अडीच लाखांच्या आसपास माणसे एकाएकी नोकरीतून 'मोकळी' झाली. त्यांच्याकडे वेळच वेळ होता. मोकळ्या वेळानेच कला फुलत असती तर १९८२ नंतरची लालबाग-परळची रंगभूमी भारतात श्रेष्ठ ठरावयास हवी होती. झाले ते असे की मंडळे विस्कटली, माणसे गावी गेली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रखवालदार झाला. चाळीत पेटी-तबला राहिला, वाजवणारा राहिला नाही. बेकारीचा वेळ आणि फुरसत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यावेळी दिसले. बोलले मात्र फारसे कोणी नाही.

पूर्ण वेळ कलेला वाहून घेणाऱ्याच्या वाट्याला निश्चिततेअभावी काय येते, हे पाहण्यासाठी तमाशाकडे जावे. विठाबाई नारायणगावकर यांच्याएवढी मोठी कलावती विरळा. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा औषधपाण्याच्या खर्चासाठी लोकांना हातभार लावावा लागला होता. फडातली माणसे मालकाकडून उचल घेतात, हंगामभर ती फेडतात, पुढच्या हंगामासाठी पुन्हा उचल घेतात. ऊसतोड मजुराच्या उचलीत आणि या उचलीत फरक शोधायचा तर डोळ्यांत तेल घालावे लागेल. याउलट तळकोकणातला दशावतारी भातशेती सांभाळून कार्तिकापासून रात्री उभा राहतो, आणि गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की दिवाळीपासून मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेथे शेतीचा हंगाम आणि नाटकाचा हंगाम यांनी एकमेकांशी जुळवून घेतले आहे. शहरातल्या कचेरीला ते कधी जमले नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. नोकरी सांभाळून केलेला अभिनय अर्धकच्चा राहतो, असा आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आवाज, शरीर, श्वास यांची रोजची मशागत लागते. दिवसभर खातेवही किंवा संगणक पाहून शिणलेला माणूस संध्याकाळी संवाद 'म्हणतो'. तो बोलत नाही. हौशी स्पर्धांतील कित्येक प्रयोग परीक्षकांच्या सौजन्यावर तरतात, हेही खरे. नट म्हणून वाढण्याचा एक टप्पा असा येतो की जेथे पूर्ण वेळ दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. अमरीश पुरींनी नोकरी सोडली, दामल्यांनी सोडली, ती त्या टप्प्यावर. पण त्यांनी सोडली तेव्हा हातात काम होते, आणि तोवर नोकरीने त्यांना पडण्याची, चुकण्याची, वाईट नाटके करण्याची मुभा दिलेली होती. ज्याची पुढची भूमिका हेच पुढचे भाडे असते त्याला वाईट नाटक नाकारताही येत नाही. नोकरीतल्या नटाला 'नाही' म्हणता येते. प्रायोगिक रंगभूमीवर सत्तरच्या दशकात जी धीट नाटके उभी राहिली ती असे 'नाही' म्हणू शकणाऱ्या माणसांनी उभी केली.

दुसरा आक्षेप कचेरीतला आहे आणि त्याची चर्चा नाटकवाले टाळतात. नट चार वाजता निघून जातो तेव्हा त्याच्या खिडकीपुढची रांग नाहीशी होत नाही. ती शेजारच्या सहकाऱ्याच्या खिडकीपुढे सरकते. कौतुकाचा हार नटाला आणि जादा काम त्या शेजाऱ्याला, ही काही समता नव्हे. साहेब नाट्यवेडा निघाला तर सवलत, नाही तर ताकीद, अशी कृपेवर चालणारी व्यवस्था संघटित कामगाराला शोभत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेले १९६४ चे वर्तणूक नियम कर्तव्याला बाधा येणार नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचे वाङ्मयीन वा कलाविषयक काम पूर्वपरवानगीवाचून करू देतात. ही चांगली सोय आहे. पण करू देणे वेगळे आणि त्यासाठी वेळ देणे वेगळे. खेळाडूंना विशेष रजा मिळते, कारण खेळाडूच्या बनियनवर खात्याचे नाव असते. नटाच्या अंगावर राजाचा पोशाख असतो.

आणि स्त्रिया? नोकरी आणि नाटक या दोहोंत पुरुषाला तोल सांभाळावा लागतो. बाईच्या तराजूला तिसरे पारडे असते. साडेदहाला तालमीहून सुटलेल्या पुरुषासाठी घरी ताट वाढून ठेवलेले असते. बाईसाठी घरी स्वयंपाकाची भांडी असतात आणि शेजाऱ्यांच्या नजरा असतात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे शाळेत शिक्षिका आहे आणि हौशी नाटकमंडळीत नटी आहे, हा योगायोग नाही. तिच्या चारित्र्याचा 'खटला' रंगता रंगता घाला येतो तो तिच्या नोकरीवर. १९६७ साली ती भूमिका सुलभा देशपांडे यांनी, म्हणजे स्वतः शिक्षिका असलेल्या नटीने, उभी केली. सहकारी पुरुषांपैकी एकाचीही नोकरी त्या खटल्यात धोक्यात येत नाही, हे पुन्हा एकदा वाचून पाहण्यासारखे आहे.

हे सर्व ज्या जमिनीवर उभे होते ती जमीनच आज सरकते आहे. बँकांत कारकुनांची पदे घटली; जे आहेत त्यांच्यामागे विमा पॉलिसी खपवण्याची उद्दिष्टे लागली. बेस्टच्या ताफ्यात कंत्राटदारांच्या गाड्या आणि कंत्राटी चालक आले. शिक्षक सेवकाच्या तुटपुंज्या मानधनावर वा तासिका तत्त्वावर राबतात. घरपोच माल पोहोचवणाऱ्या तरुणाला तर 'कामगार' म्हणायलाही त्याची कंपनी तयार नसते. ती त्याला भागीदार म्हणते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कारखान्यांतील आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे समर्थन करण्यात आले. आठवड्याच्या हिशेबात कदाचित काही बिघडत नसेल. पण तालीम आठवड्याच्या हिशेबात होत नाही, ती संध्याकाळी होते. सकाळी आठला आत गेलेला माणूस रात्री आठला बाहेर येणार असेल तर त्या शाळेच्या वर्गातली बाके भिंतीला सारणार कोण?

बरे, नोकरी सोडून पूर्ण वेळ अभिनयात जावे तर तेथेही कारखानाच आहे. दैनंदिन मालिकांचे चित्रीकरण बारा-बारा तास चालते आणि केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत रूढ झाली आहे. किराणा दुकानदार नव्वद दिवस थांबत नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा पडद्यामागच्या कामगारांच्या घरी धान्य पोहोचवण्याची वेळ आली. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली कायदे झाले होते. २०२० साली संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितांत ते विलीन झाले आणि तेथे 'दृक्-श्राव्य कामगार' अशी संज्ञा आली. तिच्यात चित्रपट आहे, दूरदर्शन मालिका आहे, जाहिरातसुद्धा आहे. रंगमंचावर प्रत्यक्ष उभा राहणारा नट त्या व्याख्येत शोधून सापडत नाही. राज्य सरकार म्हातारपणी दरमहा मानधन देते, २०२४ पासून ते ५००० रुपये झाले आहे. पण हा आधार कलावंत थकल्यावरचा आहे. तो उभा असताना काय?

फ्रान्समध्ये १९३६ पासून, आधी चित्रपट तंत्रज्ञांसाठी आणि पुढे रंगमंचीय कलावंतांसाठी, अशी व्यवस्था आहे की बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम नोंदले गेले की मधल्या रिकाम्या काळात बेकारी विम्याचा भत्ता मिळतो. मालकसंघटनांनी तिच्यावर वारंवार हल्ले चढवले आणि कलावंतांनी संप करून, महोत्सव बंद पाडून ती राखली. ती जशीच्या तशी येथे आणता येईल, असे कोणी म्हणणार नाही. पण अभिनय हे अधूनमधून मिळणारे काम आहे, हे त्याचे वैगुण्य न मानता त्याचे स्वरूप मानले, तर कायदा कसा करता येतो हे तेथे दिसते.

आपल्या चळवळीचा या बाबतीतला इतिहास फारसा अभिमानाचा नाही. कलापथक हवे, कारण पुढाऱ्याचे भाषण सुरू होईपर्यंत लोक जमवून धरले पाहिजेत. एकदा पुढारी आला की शाहिराने डफ खाली ठेवायचा. वेतनकराराच्या वाटाघाटींत महागाई भत्त्याच्या पैशापैशासाठी रात्री जागवणाऱ्या संघटनांनी मागण्यांच्या सनदेत तालमीच्या संध्याकाळीसाठी एक कलमही घातल्याचे सहसा दिसत नाही. संघटनेतलाच नाटकवाला सभासद सभेला गैरहजर राहिला तर त्याला 'हौशी' म्हणून हिणवणारे कार्यकर्ते मात्र सर्वत्र भेटतात.

मागता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार महागही नाही. वर्षाला ठरावीक दिवस कलेसाठी विशेष रजा, व त्या काळात सहकाऱ्यावर पडणाऱ्या कामाचा जादा मोबदला; तालमीच्या काळात पाळी न बदलण्याची लेखी हमी; महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी नाममात्र भाड्याने; कंत्राटी कामगारालाही कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेत कायम कामगाराइतकाच प्रवेश; आणि रंगमंचावरील नट व पडद्यामागचा कामगार यांचा सामाजिक सुरक्षेच्या व्याख्येत समावेश. यांतले पहिले कलम बँक व विमा कर्मचाऱ्यांच्या संघटना पुढच्याच करारात ठेवू शकतात. शेवटच्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागेल. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा नाटकाची माणसे रस्त्यावर आली होती. त्यांच्या शेजारी कामगार संघटनांचे झेंडे किती होते, याची चौकशी संघटनांनी आपल्या पुढच्या बैठकीत करावी.